ऐरावताचे पाटे

आंधळगाव
१२ जून १९८३, रविवार

चि. केवळराम,

आशीर्वाद लिहिला तर तू तो परत पाठवशील, न लिहावा तर तुझी वहिनी मागे उभी राहून वाचते आहे. तेव्हा आशीर्वाद आहेच असं धरून पुढे जातो.

नऊ वर्षांनी पत्र लिहायचं म्हणजे कारण मोठं हवं. माझ्याजवळ लहान आहे. ऐरावत मागून बसतो आहे.

तुझाच ऐरावत. नाव मी ठेवलं असेल, पण खाणीच्या लिलावातून ते अमेरिकन धूड आणलंस तू, त्या पिकअपला मागे ट्रकच्या स्प्रिंगचे जाड पाटे चढवलेस तू, सामानाचा डाला दीड फूट लांबवून गावभर मिरवलासही तूच. तू दुर्गला निघून गेलास तेव्हापासून तो शेडमध्ये विटांच्या ओट्यांवर उभा होता. तुझी वहिनी दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहते. मी वाहत नाही. पण त्यावर कोंबड्या बसू देत नाही, एवढं नमूद करून ठेवतो.

त्याला बाहेर काढायची वेळ बाबुलालनं आणली. मच्छीमार सोसायटीचा बाबुलाल, तुझ्याबरोबर तलावात डुंबायचा तोच. यंदा सोसायटीनं गावचा मोठा तलाव घेतला आहे. त्यात सोडायचं मासळीचं बीज कलकत्त्याकडून रेल्वेनं तुमसर रोडला उतरतं, १७ जुलैला. तिथून ते पाण्याच्या ड्रमांत भरून इथवर आणायचं. रस्ताभर दोन बाया ड्रमांतलं पाणी हातानं थोपटत बसतात, नाहीतर ती मोहरीएवढी पिलं गुदमरतात. मागच्या वर्षी भाड्याच्या लॉरीचा ड्रायव्हर वाटेत चहा प्यायला उतरला तो तासभर रमला, आणि अर्धं बीज तलावाऐवजी वैकुंठाला गेलं. म्हणून बाबुलाल आपल्या दारात उभा.

"गुरुजी, हत्ती कायले बांधून ठेवला? आमाले द्या ना."

दिला. तुमसरचा नत्थू मिस्त्री बोलावला. तीन दिवस त्यानं इंजिनाची आराधना केली, चौथ्या दिवशी ऐरावत शिंकला आणि सगळ्या आळीला काळा धूर पाजून चालू झाला. रिकामा असला की छान चालतो. पण पाण्याचे सहा ड्रम चढवले की मागून असा बसतो की डाल्याची कड टायरला घासते. तोंड आकाशाकडे, बूड जमिनीकडे. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरची मंडळी बसतात, अगदी तसा.

नत्थूचं मत, नवे पाटे टाकावे. त्याचंच दुसरं मत, ज्यानं गाडी बनवली त्याला आधी विचारावं. म्हणून विचारतो. एवढा कडक केलेला ऐरावत मऊ कसा झाला? पूर्वी ह्याच गाडीनं तुमसरला जाऊन आलं की मला घरी येऊन दात मोजावे लागत.

तुझा पत्ता कुठे मिळाला म्हणशील. तुझ्या वहिनीच्या मसाल्याच्या डब्यात, जिऱ्याच्या खाली. नऊ वर्षं त्याच डब्यातलं जिरं खाऊन मला वास लागला नाही. तुमची पत्रं मी पाहिली नाहीत, पाहणारही नाही.

ती म्हणते आहे, "गाडीचं लिवलं, झालं. आता भाऊजीले घरी ये म्हनून लिवा."

मी म्हटलं, कागद संपला.

दादा


आंधळगाव
२३ जून १९८३

चि. केवळराम,

तुझं कार्ड मिळालं. वर मायना नाही, खाली सही नाही. "टायरची हवा पाहा. शॅकल पाहा. पाटा तुटला का पाहा. वजन डाल्यात कुठे ठेवता ते कळवा." चार वाक्यं. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना मुलगा झाल्याचा आनंद होतो म्हणतात. तुझ्या घरी त्या दिवशी जुळी झाली असतील.

असो. आज्ञेप्रमाणे सगळं पाहिलं.

डाव्या टायरात हवा कमी होती. भरली. ऐरावत एक बोट वर आला आणि तिथंच थांबला. मग नत्थू गाडीखाली पालथा शिरला आणि मला उजेडाला बॅटरी धरायला बसवलं. पाट्यांचं टोक ज्या कडीला लटकतं तिला शॅकल म्हणतात, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. ज्ञानाला वय नाही. त्या शॅकलांचे बुश झिजून भाकरीच्या पापुद्र्यासारखे झाले होते. नवे घातले. खडखड गेली, बसणं गेलं नाही. मग नत्थूनं एकेका पाट्यावर हातोडी मारून कान लावला. सगळे घंटेसारखे वाजले. तुटलेला एकही नाही.

वजनाचं म्हणशील तर चूक आमची. बाबुलालची माणसं मागून ड्रम चढवायची आणि जिथं चढवला तिथंच सोडायची. म्हणजे सगळा भार आसाच्याही मागे, तू लांबवलेल्या त्या दीड फुटावर. ड्रम पुढे केबिनला चिकटवून ठेवले तेव्हा ऐरावत तीन बोटं उचलला. मला वाटलं, जिंकलो. नाल्याच्या पुलाशी पोचलो आणि मागून गचकन आवाज आला. डाला टेकला. दोन ड्रम कलंडले आणि त्यांतलं पाणी बाबुलालच्या डोक्यावरून उतरलं.

"बीज असतं त आज माह्या केसातच वाढलं असतं गुरुजी," तो म्हणाला.

मी नत्थूला सुचवलं की ते नळकांड्यासारखे शॉकअप दिसतात ते बदलून पाहू. त्यानं माझ्याकडे, मी चुकीचं उत्तर देणाऱ्याकडे पाहतो तसं पाहिलं. "शॉकअप गाडी उचलत नाई गुरुजी. तो नुसता डोलणं थांबवते. वजन उचलते ते पाटेच."

थकलो आहे रे. शाळेत यंदा संस्कृत घेणारी अकरा मुलं. बाकीच्यांनी दुसरे विषय घेतले. गाडीखाली बॅटरी धरून बसलो की वाटतं, शहाणी आहेत. गुडघेही आता उठताना परवानगी मागतात.

बाबुलालनं एक गोष्ट म्हटली तेवढी लिहितो. परत येताना ड्रम रिकामे होते आणि तो मागे बसला होता. उतरताना म्हणाला, "भरली का हत्ती, रिकामी का पाळणा हाय तुमची गाडी. माहा त डोळाच लागला."

तो पाळणा मला तेव्हापासून टोचतो आहे. का, ते ह्या पत्रात लिहीत नाही.

तुझ्या वहिनीनं विचारलं, "ये म्हनून लिवलं का?" मी म्हटलं, आधी बुशचं उत्तर येऊ दे.

दादा


आंधळगाव
३ जुलै १९८३, रविवार

चि. केवळराम,

दुसरं कार्ड मिळालं. "बुश चांगल्या रबराचे घ्या. ड्रम पाचच ठेवा. गाडी हळू चालवा."

ड्रम पाचच ठेवा! डोळ्यांना दिसेना तर मोठ्या अक्षरांचं पुस्तक घ्या, असं सांगणारा वैद्य आणि तू एकाच पाठशाळेतले. तुझ्या हाताखाली दुर्गला म्हणे चौघे काम करतात. तू त्यांना असली उत्तरं देत नसशील. म्हणून मला संशय आला.

परवा नत्थू पुन्हा खाली शिरला आणि बोटानं काहीतरी मोजत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, खाली या." धोतर खोचून शिरलो. पाट्यांचा गठ्ठा आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट असतात, ते त्यानं दाखवले. नटाच्या खाली त्यांचे आटे चार बोटं रिकामे बाहेर लोंबत होते, आणि वरच्या फटीत लोखंडी पट्ट्या भरल्या होत्या.

"एवढा लांब बोल्ट पाच पाट्याले कोण टाकते? इथं नऊ होते. चार काढले. तिकडूनबी चार."

"चोरानं?"

"चोर एवढा कसबी नसते गुरुजी. दोन्हीकून सारखे काढले, मेन पाटा ठेवला, सेंटर बोल्ट नवा टाकला, फट भरली. ज्यानं काढले त्यानं गाडी खराब नाई केली. मुद्दाम मऊ केली."

आमच्या शास्त्रात अनुपलब्धी नावाचं एक प्रमाण आहे. जमिनीवर घडा नाही हे कशानं कळतं? तो दिसत नाही, यानंच. नागपूरला पाठशाळेत असताना मला हे प्रमाण फुकटचं वाटे. नाही ते नाही, त्याला पुरावा कसला? आता तुझी दोन्ही कार्डं समोर ठेवून बसलो आहे. त्यांत हवा आहे, शॅकल आहे, बुश आहे, ड्रम आहे. पाटे मोजा, हे नाही. नत्थू म्हणतो मिस्त्री आधी तेच विचारतो. तू विचारलं नाहीस, कारण तुला आकडा माहीत होता. आणि सांगितला असतास तर का काढले तेही सांगावं लागलं असतं.

ते मलाच आठवलं. फेब्रुवारी १९७४.

माय विहिरीच्या दगडावर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. मोहाडीचे डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या, ऑपरेशन करतील. एसटीत तिला निजवता येत नव्हतं, तू म्हणालास गाडीनं नेऊ. मी म्हणालो, ह्या गाडीत धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात, मोडलेलीचं काय होईल? हाडवैद घरी बोलावू. मग दोन दिवस तू मायजवळ फिरकला नाहीस. शेडमधून हातोडीचे आवाज येत होते. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, "माय बाजेवर पडली आहे आणि ह्याला गाडी ठोकायचं सुचतं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी तू अंगणात आलास. हात कोपरापर्यंत काळे. "दादा, आता धक्का नाई लागत. तुमी एकडाव बसून त पाहा."

मी बसलो नाही. जे बोललो ते तुला पाठ असेल. मलाही आहे. इथं उतरवत नाही.

विचारायचं एवढंच, की ते आठ पाटे तू कुठे ठेवलेस? नत्थू ते परत चढवील आणि १७ तारखेचं काम होईल. बीज सहा ड्रमांचंच आहे, पाच ड्रमांत ते दाटीनं मरेल.

तुझ्या वहिनीनं आज काही विचारलं नाही. नुसती बाजूला बसून तांदूळ निवडते आहे. तेच तांदूळ, तिसऱ्यांदा.

दादा


आंधळगाव
९ जुलै १९८३, शनिवार

चि. केवळराम,

तुझ्या कार्डाची वाट पाहिली नाही. पाटे सापडले.

परवा जेवताना तुझी वहिनी एकदम म्हणाली, "मायच्या बाजेखाली ते पोतं होतं ना जी, लोखंडाचं?"

माय गेल्यावर बाज माळ्यावर चढवली होती. पोतं तिच्याच शेजारी ठेवलं होतं. दोघांनी मिळून खाली ओढलं, माझे गुडघे अजून त्याबद्दल बोलतात. आत आठ पाटे. ग्रीस लावलेले, एकावर गंजाचा ठिपका नाही. चार-चारांच्या दोन मोळ्या, मायच्या जुन्या लुगड्याच्या काठानं बांधलेल्या. वरच्या पाट्यावर तुझ्या अक्षरात खडूनं "डावा" आणि "उजवा".

आता कबूल करायचं ते हे, की ते पोतं मी तेव्हा पाहिलं होतं. तू गेलास त्याच दिवसापासून, माय जाईपर्यंत चौदा महिने, ते तिच्या बाजेखाली होतं. आजाऱ्याजवळ लोखंड ठेवावं, दृष्ट लागत नाही, वारं लागत नाही, ही बायांची समजूत. मला वाटलं त्यातलंच. मी तर तिची थट्टाही केली. म्हटलं, "माय, दृष्टीला एक खिळा पुरतो. मणभर लोखंड कायले?"

ती म्हणाली, "राहू दे रे यादो. ज्याचं हाय तो येईन तवा नेईन."

मी हसलो होतो. एवढं संस्कृत शिकून, पोत्याला हात लावून आत काय आहे हे पाहावं, इतकी जिज्ञासा मला झाली नाही.

काल जे केलं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. मी डाल्यात गादी घातली. चष्मा खिशात ठेवला आणि भर दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, उताणा निजलो. नत्थूला म्हटलं, मोहाडीपर्यंत ने.

नत्थू म्हणाला, "गुरुजी, बरं वाटत नाई का?"

बाबुलाल डाल्याच्या कडेवरून डोकावला. "जित्ते हा ना?"

"आहे. तू बाजूला हो."

चौकात आपल्या आळीतल्या कृष्णरावांनी गाडी येताना पाहून, प्रेत चाललं समजून टोपी काढली. मी हात हलवल्यावर त्यांनी ती इतक्या घाईनं घातली की उलटी बसली. आता ते माझ्याशी बोलत नाहीत.

रस्ता तुझ्या वेळेपेक्षा वाईट आहे. नाल्याचा पूल, मग ते खडीचं अर्धवट काम, मग बैलगाड्यांनी पडलेल्या चाकोऱ्या. मी अंग आवळून धक्क्याची वाट पाहत होतो. धक्का आला नाही. खड्डा आला हे मला वरच्या फांद्यांवरून कळत होतं. त्या एकदम वर जायच्या आणि हळूच खाली यायच्या. पाठीला काहीच नाही. कोणी हाताखाली हात घालून उचलावं आणि ठेवावं, तसं. पुलावर मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा पूल मागे गेलेला.

मोहाडीला नत्थूनं गाडी थांबवली. "कसं वाटलं गुरुजी?" मला उठताच आलं नाही. त्याला वाटलं कंबर धरली. त्यानं आपला गमछा ओला करून आणला.

केवळराम, मायला नेता आलं असतं.

मी त्या दिवशी म्हणालो होतो, "माय म्हणजे खाणीतला दगड नव्हे, तुझ्या डाल्यात टाकायला. तुला तिला पोचवायची घाई झाली आहे." अंगणात अर्धी आळी होती. तू मान खाली घातलीस आणि काही बोलला नाहीस. धाकट्यानं मोठ्यापुढे उलट बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. ती मीच तुला कान धरून शिकवली होती. आणि त्या सकाळी तुझं गप्प राहणं मी तुझ्या चुकीची कबुली समजलो.

नागपूरला ती पुन्हा चालती झाली असती की नाही, मला माहीत नाही. तुलाही नाही. त्यावर तर्क करत नाही. पण तू एकदा बसून पाहा म्हणालास, आणि मी न बसता निकाल दिला. नऊ वर्षं मी त्याला विवेक म्हणत आलो.

नत्थू म्हणतो, पाटे चढवायचे म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम, उद्याच करतो. मी नको म्हटलं. मोळ्या त्याच काठानं पुन्हा बांधल्या आणि पोत्यात ठेवल्या. ज्याचं आहे तो नेईल, असं ती म्हणून गेली. तो मी नव्हे, नत्थूही नव्हे.

बाबुलालला हे सांगितलं. त्याचं सगळं वर्ष त्या सहा ड्रमांत आहे, त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. त्यानं विडी कानामागे खोचली. मग म्हणाला, "भाऊले लिवा. नाई आला त मी बैलबंड्या करतो. पन बंडीत बीज जगत नाई, हेबी लिवा."

लिहिलं.

तुझी वहिनी मागे उभी आहे. तिनं काही विचारण्याआधी मीच पाहिलं, कागद अजून चार बोटं उरला आहे. म्हणजे तेही निमित्त गेलं.

घरी ये.

यादोराव


दुर्ग
१३ जुलै १९८३

ती. दादा,

पायावर डोकं ठेवून नमस्कार. वहिनीले पण.

पाट्याले नत्थूले हात लावू देऊ नोका. सेंटर बोल्ट लांब लागतीन, मी इथून घेऊन येतो. शनिवारी तुमसर रोडले उतरतो. रविवारी पहाटे चढवून टाकू, बाबुलालचं बीज जाणार नाई.

डाल्यातली गादी काढू नोका. मी ते सारं मायसाठी केलं होतं, पन मीबी कधी त्यात निजून पाहिलं नाई. पाटे चढवायच्या आधी मलेबी एकडाव मोहाडीपर्यंत निजून जायचं हाय. गाडी तुमाले चालवता येत नाई, म्हनून नत्थू चालवन. तुमी माह्याजवळ बसा.

केवळराम